करवलीचं टेन्शन, चारशे पाहुणे आणि स्टेजसमोरच्या जांभया

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. मुलगी नागपूरची, लग्न तिकडेच होणार आणि चार दिवसांनी आमच्या कोल्हापुरात लॉनवर रिसेप्शन, संध्याकाळी ७ ते १०. साधारण ४०० माणसं, त्यातली नागपूरची ६०-६५. मागच्या वर्षी चुलतभावाच्या रिसेप्शनला लोक नुसते बसून जांभया देत होते, जेवले आणि गेले, मुलीकडचे एका बाजूला, आमचे दुसऱ्या बाजूला, कुणी कुणाशी बोललं पण नाही. यावेळी मला काहीतरी गेम्स ठेवायचेत. घरात सगळे म्हणतात तू करवली, तूच बघ. बजेट १५ हजार. आजी-आजोबा पण हवेत, भावाचे ऑफिसचे मित्र पण हवेत आणि लहान पोरं २५-३० तरी असतील. अजून एक, माझी मोठी आत्या शाळेत बाई होती, आता रिटायर झालीय, काका दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेव्हापासून ती कुठल्याही कार्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसते. तिला पण कशात तरी घ्यायचंय पण कसं ते कळत नाही. काय करू? – एक वैतागलेली करवली"

अगं करवलीबाई, वैतागू नकोस, आधी एक काम कर. तू स्वतः शेवटची ज्या रिसेप्शनला गेली होतीस ती आठव. पार्किंग शोधलंस, गेटवर कुणीतरी गुलाबाचं फूल दिलं आणि मनगटाला अत्तर लावलं, आत गेलीस तर स्टेजवर नवरा-नवरी नाहीतच कारण त्यांचं फोटोशूट चालू, मग खुर्चीत बसून मोबाईल बघितलास, ते आल्यावर रांगेत उभी राहिलीस, पंचवीस मिनिटांनी वर पोचलीस, पाकीट दिलंस (पत्रिकेवर 'आहेर आणू नये' लिहिलेलं असतानाही दिलंस, सगळे देतात), फोटोग्राफर म्हणाला मॅडम इकडे बघा, आणि खाली उतरून तडक जेवणाकडे. आता सांग, कंटाळा कुठे आला? जेवताना तर नक्कीच नाही. आला तो रिकाम्या स्टेजसमोर आणि रांगेत.

आणि आपण गेम्स ठेवतो कुठे, तर स्टेजवर! एक अँकर आणायचा, तो माईकमध्ये ओरडणार "आवाज येत नाहीये कोल्हापूर", मग म्हणणार पाच काकूंनी स्टेजवर या, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्या काकू पर्स मांडीवर घट्ट धरून जमिनीकडे बघायला लागणार, शाळेत बाई प्रश्न विचारायला लागल्या की आपण बघायचो ना तसं. शेवटी नेहमीचेच दोन हौशी मामा वर जातात आणि बाकीचे ३९८ लोक त्यांना बघत पनीर संपेल का याची काळजी करतात. तर माझं एवढंच म्हणणं आहे की खेळ उठून पाहुण्यांकडे गेला पाहिजे, खुर्चीत, रांगेत, जिथे ते अडकलेत तिथे. स्टेजवरचा एखाददुसरा ठेव, तोही शेवटी.

आधी वेळेचं गणित. पत्रिकेवर ७ लिहिलंय म्हणजे नवरा-नवरी पावणेआठशिवाय येत नाहीत, मेकअप लांबतोच, आणि वेळेवर येणारे कोण असतात तर सगळे ज्येष्ठ नागरिक आणि लांबून आलेली मंडळी. तुझे नागपूरकर म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसचा तो भलामोठा प्रवास करून आलेले असणार, अंग आंबलेलं. त्यांना आल्या आल्या गेम-बिम काही सांगू नकोस, आधी चहा आणि काहीतरी खायला दे. दुसरं टोक म्हणजे रात्रीचे १०. तुमचं लॉन आहे, उघड्यावर, तिथे १० नंतर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, तो ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासूनचा आहे आणि शेजारच्या सोसायटीवाल्यांना तो तोंडपाठ असतो. म्हणजे माईकवर जे काही करायचं ते पावणेदहापर्यंत आटपायचं. हे आधीच लिहून ठेव, नाहीतर सगळ्यात मजेचा खेळ अर्ध्यात असताना मॅनेजर येऊन प्लग काढतो आणि सगळ्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

७ ते पावणेआठ या वेळात स्टेजमागची एलईडी स्क्रीन रिकामीच असते, किंवा तिच्यावर प्रीवेडिंगचा तोच तो व्हिडिओ फिरत असतो ज्यात दोघं गवतातून पळतायत. तो एकदा लावा आणि बंद करा. त्याऐवजी दोन्ही घरांतले जुने फोटो गोळा कर, वीस-पंचवीस पुरेत, आणि स्क्रीनवर एकेक टाकून विचार "हे कोण?" तुझे बाबा बेलबॉटममध्ये, नागपूरच्या काकांचे खांद्यापर्यंतचे केस, आई दोन वेण्यांत, भाऊ दुपट्यात. गंमत अशी होते की आपल्या माणसाचा फोटो आला की लोक ओरडतात आणि समोरच्यांचा आला की आपोआप चौकशी करतात, अरे हे कोण, आता कुठे बसलेत, आणि ज्यांचा फोटो ते लाजत हात वर करतात. झाली की ओळख! फक्त फोटो टाकायच्या आधी ज्याचा त्याला विचारून घे, आणि जी माणसं नुकतीच गेलीत त्यांचे फोटो या खेळात नकोत, त्यांची आठवण वेगळी काढू.

आता तुझ्या हातात आयतीच आलेली मजा सांगते, म्हणजे एकीकडे कोल्हापूर आणि दुसरीकडे नागपूर. दोघंही मराठी, दोघांनाही वाटतं आपलीच भाषा सरळ आहे आणि समोरचेच वाकडं बोलतात. यावर मस्त शब्दांचा खेळ होतो. नागपूरकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तुमच्याकडे किती जणांना माहितीये? तुझी नवी वहिनी उद्या स्वयंपाकघरातून म्हणाली "आई, भाजीवर थोडा सांबार टाका" तर तुझी आई डाळ-चिंच भिजवायला घेईल. तिकडे चून म्हणजे पिठलं, फल्ली म्हणजे आपली भुईमुगाची शेंग, आणि आलूची भाजी म्हटली की तुमच्या आजीला ऐकू येणार अळूची. उलट बाजूने त्यांना विचार, माळवं म्हणजे काय (भाजीपाला)? बुट्टी म्हणजे काय (टोपली)? भडंग कशाचं करतात, चिरमुऱ्याचं, मग चिरमुरे म्हणजे काय, तर त्यांचे मुरमुरे. असे दहा-दहा शब्द दोन्हीकडून काढ, तुझ्या आजीला आणि वहिनीच्या आजीला फोनवर बसवून काढलेस तर अजून भारी निघतील आणि दोघींची आधीच गट्टी होईल. कोल्हापूरचा शब्द आला की उत्तर नागपूरकरांनी द्यायचं, नागपूरचा आला की तुम्ही. चुकलेली उत्तरंच जास्त हसवतात म्हणून बरोबर उत्तर घाईघाईत सांगू नकोस, पाच-सहा जणांना चुकू दे. शेवटी एका नागपूरच्या काकांकडून "नाद खुळा" म्हणवून घ्यायचं आणि तुमच्या एखाद्या मामाला "काय करून राहिला बे" म्हणायला लावायचं, टाळ्या ज्याला जास्त त्याला बक्षीस.

एक सांभाळ. ते ६० आहेत आणि तुम्ही साडेतीनशे. हसणं एकाच बाजूने जास्त होणार. त्यामुळे पहिले तीन प्रश्न असे ठेव की ज्यात कोल्हापूरकर सपशेल आपटतील. पाहुण्यांना आधी जिंकू दे, मग ते मोकळे होतात.

रांगेचं काय करायचं तर त्यासाठी अर्धी म्हण. जाड कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, मुलीकडच्यांना म्हणीचा पहिला अर्धा भाग, मुलाकडच्यांना दुसरा अर्धा. 'आयत्या बिळावर' एकाकडे, 'नागोबा' दुसऱ्याकडे. 'नाचता येईना' इकडे, 'अंगण वाकडं' तिकडे. 'उथळ पाण्याला', 'कामापुरता मामा', 'ज्याचं करावं भलं', अशा चाळीसेक म्हणी बास. तुमच्याकडची माणसं पाचपट आहेत म्हणून दुसऱ्या अर्ध्याच्या चार-पाच कॉप्या काढ, म्हणजे एका नागपूरकराला चार-पाच नागोबे भेटतील आणि जो पहिला सापडेल तो जोडीदार. जोडी जमली की दोघांनी मिळून टेबलावर जायचं आणि एकेक भडंगाची पुडी घ्यायची. लोक रांग मोडून हिंडायला लागतील असं वाटेल, पण पुढच्या-मागच्याला "जरा जागा धरा हं" सांगून जातात, एसटी स्टँडवर जातात ना तसं, आणि त्या निमित्ताने पुढच्या-मागच्याशी पण बोलणं होतं.

आणि हो, म्हणी नीट तपासून घे!! मी हा खेळ माझ्या पुतणीच्या लग्नात केला होता, चिठ्ठ्या भाच्याने लिहिल्या, कुणी वाचल्या नाहीत, आणि व्याह्यांच्या हातात जी चिठ्ठी गेली तीवर लिहिलेलं होतं 'गाढवाला'. पुढचा अर्धा, 'गुळाची चव काय', आमच्या जाऊबाईंकडे होता आणि त्या बिचाऱ्या भर हॉलमध्ये "गाढव कोण आहे, गाढव कुणाकडे आहे" करत हिंडत होत्या. व्याही मोठ्या मनाचे निघाले, त्यांनी स्वतःच हात वर केला. पण सगळेच व्याही तसे नसतात. तर गाढव, माकड, कुत्रं, आणि सासू-सुनेवरच्या म्हणी सगळ्या बाहेर काढ.

रांगेच्या अगदी तोंडाशी, जिथे चप्पल काढायची की नाही असा गोंधळ होतो तिथे, एक काचेची बरणी ठेवता येते, आत बत्तासे किंवा शेंगदाणे, किती आहेत ते ओळखा, चिठ्ठीवर आकडा आणि नाव लिहून डब्यात टाका. याला माणूस लागत नाही, माईक लागत नाही, आजोबा लोक तर इंजिनियरसारखे वाकून हिशोब करतात, बरणीचा घेर किती, थर किती. फक्त भरायच्या आधी मोजायचं विसरू नकोस. आमच्याकडे मुलाच्या लग्नात ही बरणी ठेवली, अडीचशे चिठ्ठ्या आल्या, आणि बक्षीस द्यायच्या वेळी लक्षात आलं की कुणी मोजलंच नव्हतं. मग मांडवाच्या मागे बसून मी, माझी बहीण आणि एक वाढपी असे तिघं शेंगदाणे मोजत होतो आणि वाढपी मधूनमधून खात होता.

उखाण्याशिवाय तर आपलं लग्न होत नाही, पण नुसतं "घ्या नाव, घ्या नाव" करून नवरीच्या मागे लागायचं मला आवडत नाही. ती तीन तास त्या जड शालूत उभी असते, बिचारीने सकाळपासून नीट खाल्लेलं नसतं, तिला अजून परीक्षा कशाला. उखाणा पाहुण्यांकडून घ्यायचा. टेबलांवर कार्ड ठेव, त्यावर उखाण्याची पहिली ओळ छापलेली, दुसरी ओळ ज्याने त्याने लिहायची. उदाहरणार्थ, "कोल्हापूरची चप्पल आणि नागपूरचं संत्रं..." आता पुढे कुणी लिहील "अमुकरावांना सांभाळायचं सासूबाईंनी दिलंय तंत्र", आणि भावाच्या ऑफिसमधला एखादा लिहील "लॉनवर रेंज येईना, बिघडलंय का यंत्र". दोन्ही चालतील. दुसरं कार्ड, "चारशे पाहुणे, एकच स्टेज, लांबच लांब रांग..." याचा शेवट 'सांग'ने होतो की 'थांब'ने का अजून कशाने ते बघ, मला पण कळव. हे जेवताना-जेवल्यावर होतं, सुपारी-पान खात लोक डोकं खाजवत बसतात, ज्यांना माईकची भीती वाटते ती माणसं कागदावर फार भारी लिहितात. चांगले दहा निवडून ९ नंतर कुणीतरी वाचून दाखवायचे. आणि नाव नवऱ्याचंच घ्यायला पाहिजे असं काही नाही हे कार्डावरच लिही. नवीन जोडीवर करा, आजीवर करा, मिसळीवर करा. हे मी तुझ्या आत्याला डोळ्यासमोर ठेवून सांगतेय.

त्याच ओघात, पैठणीच्या खेळाबद्दल. टीव्हीमुळे सगळीकडे शिरलाय तो आता, फुगे फुगवा, ग्लासांचा मनोरा करा, जिंकेल तिला पैठणी. वाईट नाहीये, बायका मनापासून खेळतात. पण अँकर लोक सुरुवातीलाच म्हणतात "सुवासिनींनी पुढे यावं" आणि त्या एका शब्दाने हॉलमधल्या किती जणी खुर्चीला खिळतात ते त्यांच्या गावीही नसतं. तुला ठेवायचाच असेल तर अँकरला आधी बजावून सांग की "ज्यांना खेळायचंय त्या सगळ्यांनी" असंच म्हणायचं. पण खरं सांगू का, १५ हजारांत पैठणी घेऊ नकोस, बजेट तिथेच संपेल, एक बाई खूश आणि बाकीच्या "तिची साडी चांगली निघाली हो" म्हणत घरी.

परातीत अंगठी शोधणं, मुठीतली सुपारी सोडवणं, विड्याचं पान दातांनी तोडणं, हे जुने खेळ रिसेप्शनला स्टेजवर करायची आजकाल फॅशन आलीय. माझ्या मते घरीच करा. ते खेळ होतेच मुळी लाजणाऱ्या नवरा-नवरीची भीड मोडावी म्हणून, भोवती दहा-पंधरा घरची माणसं वाकून बघतायत, कुणीतरी नवरीच्या कानात सांगतंय "डावीकडे डावीकडे", कुंकवाच्या पाण्याने सगळ्यांचे कपडे लाल. चारशे लोकांना ती परातच दिसत नाही. चौथ्या रांगेतल्या माणसाला वाटतं दोघं मिळून भांडी घासतायत.

पोरांचं सोपं आहे. मोकळी सोडलीस तर ती धुराच्या मशीनपाशी आणि जिलेबीच्या कढईपाशी जाणार, हे दोन्ही नको. आठ वर्षांच्या पुढची जी आहेत त्यांना 'पत्रकार' कर, गळ्यात पट्टी, हातात घरातला जुना फोन, आणि प्रत्येकाने तीन म्हाताऱ्या माणसांची मुलाखत घेऊन यायची: तुमच्या लग्नात जेवायला काय होतं, वरात कशातून आली, लग्नाआधी एकमेकांना किती वेळा भेटला होता. पोरं सिरीयसली करतात आणि म्हातारी माणसं तर वाटच बघत असतात कुणीतरी विचारायची. ते व्हिडिओ भावाला नंतर पाठव, फोटोग्राफरच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा बघितले जातील. लहानग्यांना खडू आणि चित्रं देऊन एका सतरंजीवर बसव, एक मोठं माणूस तिथे पाहिजेच.

ऑफिसचे मित्र कोपऱ्यात घोळका करून उभे राहतात, त्यांना एक यादी व्हॉट्सअॅपवर टाक, यांच्याबरोबर सेल्फी काढून आणा: तिसरा गुलाबजाम खाणारी व्यक्ती, नवऱ्याला लहानपणी मारलेले सर किंवा बाई, नागपूरहून आलेली सत्तरीच्या पुढची आजी, मिशीला पीळ असलेले काका. बास, तासभर सुटले ते.

स्टेजवरचं काही हवंच असेल तर सव्वानऊला, जेव्हा रांग संपलेली असते आणि जवळचीच दीडशे माणसं उरतात, तेव्हा फेट्याची शर्यत ठेव. फेटे बांधणारा माणूस तुम्ही बोलावणारच आहात, त्यालाच सांग सहा फेटे जास्तीचे आण. नागपूरच्या तीन जोड्या, एकाने दुसऱ्याच्या डोक्याला फेटा बांधायचा, तीन मिनिटं, आणि निवाडा करायला तुझे आजोबा. फेटा कसा बांधतात हे माहीत नसलेला माणूस तो लांबलचक कापडाचा गठ्ठा बघूनच हरतो, एखाद्याच्या डोक्यावर गाठोडं होतं, एखाद्याचा डोळा झाकतो. आणि मग आजोबांनी स्वतः उठून त्यातल्या एकाला नीट फेटा बांधून दाखवायचा. तुझ्या व्याह्यांना तुझ्या आजोबांनी भर स्टेजवर फेटा बांधला तर त्या एका फोटोसाठीच सगळा खटाटोप वसूल होतोय बघ.

त्यानंतर तो बुटाचा खेळ, परदेशातून आलाय पण जमतो आपल्याकडे. दोघं पाठीला पाठ लावून खुर्चीवर, प्रत्येकाच्या एका हातात स्वतःचा बूट आणि दुसऱ्यात जोडीदाराचा, प्रश्न विचारला की ज्याचं नाव उत्तर असेल त्याचा बूट वर करायचा. आधी रुसतं कोण, भांडल्यावर पहिला मेसेज कुणाचा, सावजी खाऊन पाणी पाणी कुणी केलं, तांबडा रस्सा कोण जास्त पितं. दहाच प्रश्न, आणि सगळे आधी वहिनीला दाखवून घे. भावाला दाखवू नकोस, तो उत्तरं पाठ करून येईल. मित्रांनी दिलेले प्रश्न तर अजिबात डोळे मिटून घेऊ नकोस, त्यांना कॉलेजमधल्या भानगडी काढायच्या असतात. जुनी प्रेमप्रकरणं, पगार, पाळणा कधी हलणार, कुणाचं वजन, कुणाचा रंग, यातलं काहीही माईकवर आलं की हसू येतं पण ते घरी गेल्यावर कडू होतं, आणि निस्तरायला कोण, तर नवरी. फुगा दोघांच्या मध्ये धरून फोडायचा वगैरे प्रकार सासऱ्यांसमोर करायला लावतात ते तर मला बघवतच नाहीत.

अँकर घ्यायचा की नाही? नको घेऊस. एक तुमच्यातला आणि एक त्यांच्यातला बोलका माणूस शोध, दोघांना एकेक माईक दे, आपापसात खेचाखेची करू देत. अँकरचे वाचलेले पैसे बक्षिसांना. आणि बक्षिसं छोटी छोटी आणि खूप ठेव, साठ-सत्तर तरी, एकच मोठं नको. नागपूरकर जिंकले तर गुळाची छोटी ढेप किंवा भडंग, कोल्हापूरकर जिंकले तर संत्रा बर्फी, ती वहिनीच्या घरच्यांना येतानाच आणायला सांग. खाण्याचं बक्षीस बरं असतं, घरी जाऊन कपाटावर धूळ खात पडत नाही. छपाईचं सगळं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं. म्हणी, फोटो, फेटे, बूट हे सगळंच करायला जाऊ नकोस पण, यातले चार निवड. नाहीतर रिसेप्शनचं गॅदरिंग होईल आणि तू स्वतः भावाबरोबर एक फोटो काढायला विसरशील, करवल्यांचं नेहमी हेच होतं.

त्या चारात एक मात्र धरच, तांबोला. तुझ्या पत्रात आत्याबद्दल वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात हा आला. गेटवर गुलाबाच्या फुलाबरोबर एकेक तिकीट हातात द्यायचं, जमल्यास छोटी पेन्सिल. एका तिकिटावर १५ आकडे, १ ते ९० मधले, पुकारलेला आकडा आपल्या तिकिटावर असला की खोडायचा. माणूस खुर्चीत असो, रांगेत असो, पाणीपुरीच्या स्टॉलवर असो, कान उघडे असले की झालं, उठायचं नाही, स्टेजवर यायचं नाही, आजोबांपासून दहावीतल्या पोरापर्यंत सगळ्यांना येतो. अर्ली फाइव्ह (ज्याचे कुठलेही पाच आकडे आधी खोडले जातील तो), चार कोपरे, वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, मग फुल हाउस, म्हणजे पंधराच्या पंधरा. तीनशे तिकिटं फिरत असतील तर साधारण साठ-पासष्ट आकडे पुकारेपर्यंत फुल हाउस लागतं, म्हणजे मिनिटाला एक आकडा धरला तर तास-सव्वातास, आठ ते सव्वानऊ, अगदी रांगेच्या वेळात बसतं. मध्येमध्ये सनई चालू राहू दे, आकडा आला की आवाज कमी.

पण तांबोल्याची सगळी मजा पुकारणाऱ्यात असते. नुसतं "सत्तेचाळीस... बारा..." असं रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं म्हटलं की संपलं. प्रत्येक आकड्याला काहीतरी शेपूट पाहिजे. सात, सप्तपदी. नऊ, नऊवारी. पस्तीस, काठावर पास. अठ्ठावन्न, सरकारी नोकरी संपली. चौसष्ट, चौसष्ट कला आणि आमच्या भावाला एकही येत नाही. छत्तीस, गुण जुळले तरी छत्तीस आणि नाही जुळलं तरी छत्तीसचाच आकडा! याला खणखणीत आवाज पाहिजे, वेळ साधता आली पाहिजे, आणि मागच्या बाकावर गडबड करणाऱ्याला एका नजरेत गप्प करता आलं पाहिजे. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाईशिवाय हे कुणाला जमणार? शिवाय तिला स्टेजवर चढायला नको, जोडीने यायला नको, खाली एका टेबलाशी खुर्ची आणि माईक.

फक्त तिला सरळ विचारू नकोस, आत्या तू पुकारशील का म्हणून. ती नाहीच म्हणणार, "छे गं, मला कुठे, तुम्ही मुलं करा". त्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी एक कोरी वही घेऊन तिच्याकडे जा, १ ते ९० आकडे घातलेली, आणि म्हण, आत्या मला प्रत्येकाला काहीतरी गमतीचं लिहून हवंय, मला दहाच सुचलेत, पुढचं तू बघ. वही ठेवून निघून ये. मास्तरीणबाई आहे, रात्री जागून नव्वदच्या नव्वद भरेल, वर तुझ्या दहातले चार खोडून दुरुस्त करेल. मग रिसेप्शनच्या दिवशी पावणेआठला ती वही घेऊन तिच्या खुर्चीपाशी जायचं, माईक चालू ठेवायचा, आणि म्हणायचं, आत्या, तुझं अक्षर लागत नाहीये गं मला, तूच वाच.